आप्पांना शहरात करमायला किती दिवस लागतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोहारा तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावातले 74 वर्षांचे वडील. आई वारल्यानंतर चार महिन्यांनी मुलाने त्यांना छत्रपती संभाजीनगरला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्याला आता दोन महिने झाले. आप्पा फारसं बोलत नाहीत, रात्री उठून बसतात, बीपीमुळे मीठ कमी केलंय म्हणून ताट अर्धं ठेवतात आणि 'मला गावाकडं नेऊन सोड' एवढंच म्हणतात. मुलगा विचारतो: आम्ही इथं आलो तेव्हा पोरं आठ दिवसांत रुळली होती. 21 दिवसांत माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मग आप्पांना किती दिवस लागतील? की सरळ नेऊन सोडू?

भाऊ, आधी त्या 21 दिवसांचा निकाल लावू, कारण तो आकडा डोक्यात असला की 22 व्या दिवसापासून आपण समोरच्या माणसाला हट्टी ठरवायला लागतो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं होतं की चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस तरी लागतात. ते दवाखान्यातलं निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. पुढे सांगोवांगी त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी पहाटे उठण्यापासून तंबाखू सोडण्यापर्यंत काहीही आलं.

मोजून केलेला अभ्यास हवा असेल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला आहे, 2009-10 च्या सुमारास प्रसिद्ध झालेला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना आपापल्या आवडीची एकेक साधी नवी सवय निवडायला सांगितली आणि 84 दिवस त्यांच्या नोंदी घेतल्या. ती गोष्ट विचार न करता, आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागले. मला त्या सरासरीपेक्षा तिचा पसारा महत्त्वाचा वाटतो: कुणाचं 18 दिवसांत जमलं, तर कुणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायाम उशिरा. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

आता हे आप्पांना लावून बघा. त्या अभ्यासातले बहुतेक लोक तरुण होते, आपल्याच घरात राहत होते, सवय त्यांनी स्वतः निवडलेली होती आणि ती एकच होती. आप्पांचं उठणं, जेवण, झोप, संडास, शेजार, काम, घरातली बोलीसुद्धा, सगळं एका दिवशी बदललं. यातलं त्यांनी निवडलेलं काहीच नाही. म्हणून 'किती दिवस' याला एक उत्तर देता येत नाही. माणूस अख्खा एकदम रुळत नाही. शरीर दिवसांत रुळतं, हातापायांच्या सवयींना महिने लागतात, आणि आपण इथं कुणाच्या काय उपयोगाचे हे कळेपर्यंत मन रुळतच नाही. तुम्ही आजवर फक्त दिवस मोजलेत. त्याऐवजी कुठली गोष्ट अडलीय ते बघा.

रात्रीच्या उठण्यापासून सुरुवात करू. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, यात काही नवल नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात 2016 साली दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, जणू पहाऱ्यावर असतो. पण हा परिणाम लवकरच ओसरतो. दोन महिन्यांनंतरही आप्पा रात्री उठून बसत असतील, तर 'जागा नवी आहे' हे कारण आता चालणार नाही. दुसरं काही आहे.

तुमच्या घरातलं वेळापत्रक मला ठाऊक नाही, पण अशा बहुतेक घरांत जे दिसतं ते सांगतो. गावात आप्पा साडेआठ-नऊला बाजेवर पडत आणि साडेचार-पाचला उठत. फ्लॅटमध्ये त्यांचा पलंग हॉलमध्ये असतो. हॉलमध्येच टीव्ही. जेवणं दहाला, दिवा बंद व्हायला साडेअकरा. आणि डोळे मात्र उघडतात साडेचारलाच, कारण शरीराचं घड्याळ पोरांच्या शाळेवर नाही, इतक्या वर्षांच्या पहाटेवर लावलेलं आहे. उठल्यावर खुडबुड केली तर सून-नातवंडं जागी होतील, म्हणून म्हातारा माणूस अंधारात दोन तास नुसता बसून राहतो. आपण त्याला 'रात्री उठून बसतात' असं म्हणतो. त्यांच्या लेखी ती सकाळ असते. आप्पांचं जेवण साडेसातला करा, पलंग आतल्या खोलीत हलवा, पहाटे चहा स्वतः करून घेता येईल एवढी सोय ओट्यावर ठेवा आणि दिवस उजाडला की त्यांना बाहेर उन्हात जाऊ द्या. घड्याळ सरकवायला सकाळच्या उजेडासारखं औषध नाही. झोपेची गोळी कुणी सुचवली तर डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय देऊ नका. या वयात त्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो: संडास कुठल्या पद्धतीचा आहे? आयुष्यभर उकिडवं बसलेल्या माणसाला कमोडवर होत नाही. तो कुणाला सांगत नाही. दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही, म्हणून जेवण कमी करतो. बाथरूममधली फरशी ओली, रात्री अंधार, घसरण्याची भीती, म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, डोकं जड होतं, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात 'यांना शहर मानवत नाही'. शहराचा यात काही संबंध नसतो. पायाखाली घ्यायला एक ठेंगणं स्टूल, भिंतीला धरायला दांडी, रात्रभर मंद दिवा आणि कोरडी राहणारी चटई, एवढ्यावर माणसाचा चेहरा पालटलेला मी वारंवार पाहिला आहे. लघवीला वारंवार जावं लागत असेल तर प्रोस्टेटचीही तपासणी करून घ्या.

मिठाचं मात्र खरोखर थांबण्यासारखं आहे. मीठ कमी केलं की सुरुवातीला सगळंच अळणी लागतं, पण जिभेची आवड दोन-तीन महिन्यांत खाली येते; मग पूर्वीचीच भाजी खारट वाटायला लागते. अट एवढीच की मीठ टप्प्याटप्प्याने कमी करायचं आणि पापड-लोणच्यातून मागच्या दाराने परत येऊ द्यायचं नाही. तोवर लिंबू, लसूण, कमी मिठाची कारळाची किंवा जवसाची चटणी चालेल. आणि भाकरी द्या हो. ज्वारीची भाकरी सोडून रोज पोळ्या खायला लागणं हा त्या वयात लहान बदल नाही.

इथवर सगळं सोपं होतं. पंधरा दिवसांत तुम्ही हे सगळं करू शकाल आणि निम्मा फरक पडेल. उरलेला निम्मा वेगळा आहे, आणि त्यासाठी तुमच्याच गावाचा इतिहास बघावा लागेल.

आप्पांनी एक स्थलांतर आधीच केलेलं आहे. किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मणामणाचं ओझं, ते झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबाने 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर मिळालं. रस्ते सरळ, रुंद, घरं मोकळी मोकळी. कागदावर सगळं जुन्यापेक्षा बरं.

ती घरं पक्की होती, पण किती दिवस लोकांचा पाय आत ठरत नव्हता हे त्या भागात काम केलेल्या कुणालाही विचारा. डोक्यावर स्लॅब म्हटलं की धडकी भरायची. माणसं पुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायची. ही भीती हळूहळू गेली. जे लवकर गेलं नाही ते वेगळंच होतं. जुन्या गल्लीत भावकी भिंतीला भिंत लावून होती, बाई चुलीवरून उठून दारात आली की चार घरं बोलायला असायची. नव्या गावठाणात बऱ्याच ठिकाणी घराच्या आकाराप्रमाणे ओळी पडल्या आणि चुलतभाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. शेत लांब पडलं. मग लोकांनी काय केलं? पुढं पत्रा टाकून ओसरी काढली, मागं गुरांना आडोसा केला, आत स्वयंपाकघर असताना चूल बाहेर मांडली, पार नव्हता तिथं पार केला. घर असं मोडून-जोडून आपल्यासारखं केलं, तेव्हा कुठं लोक त्याला घर म्हणायला लागले. नुसते दिवस गेल्याने ते झालं नाही.

उलट बाजू बघायची तर बीडच्या ऊसतोड टोळ्या बघा. दसरा-दिवाळी झाली की कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, पाच-सहा महिने तिथंच. ट्रॅक्टरमधून उतरल्या दिवशी कोपी (झोपडी) उभी राहते, संध्याकाळी चूल पेटते, दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता चालू. परक्या मुलखात एका दिवसात संसार! यामागे काही वेगळी हिकमत नाही. अख्खी टोळी सोबत आलेली असते. शेजारीण तीच, बोली तीच, काम हातचं. बदललेली असते फक्त जमीन. (त्यांचे हाल नाहीत असं मी म्हणत नाही. उघड्यावर बाळंतपणं, पोरांची बुडालेली शाळा, बायकांची दुखणी, हे सगळं आहे आणि 'त्यांना सवय आहे' म्हणून आपण ते खपवून घेतो, हा आपला दोष.)

आप्पांच्या बाबतीत नेमकं याच्या उलट झालं. टोळी गावात राहिली आणि माणूस एकटा उचलला गेला.

आणि पोरं आठ दिवसांत कशी रुळली? त्यांना आल्या आल्या शाळा मिळाली. बसायला बाक, हाक मारायला नाव, भांडायला पोरं, उद्या सकाळी कुठं जायचं याचं उत्तर. आप्पांना काय मिळालं? हॉलमधला पलंग आणि 'तुम्ही नुसते बसा, आराम करा'. आपण हे प्रेमानेच म्हणतो. पण ज्याने उभी हयात शेत केलं, ज्याला विचारल्याशिवाय घरात बी घेतलं जात नसे, त्याला 'आराम करा' म्हणजे तुमची इथं गरज नाही असं ऐकू येतं.

1976 साली अमेरिकेत एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग आमच्या क्षेत्रात फार सांगितला जातो. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप तुमचं, सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार, तुमची काळजी आम्ही घेऊ असं सांगितलं. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि बोलती दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. तरी रोज दवाखान्यात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

म्हणून आप्पांना काम द्या, पण खोटं काम नको. 'गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाला' हे त्यांना लगेच ओळखू येईल. घर ज्यावर अडतं असं काम द्या. सकाळचं दूध आणणं, नातवाला स्कूलबसपर्यंत सोडणं, भाजी आणणं, आणि तीही त्यांच्या पसंतीची. आणलेली मेथी जून निघाली तर गप्प बसा. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस, टाकी, टँकरचा निरोप हा सगळा कारभार त्यांच्याकडे सोपवून बघा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही, आणि त्यातून खालचे वॉचमन, शेजारचे, टँकरवाला असे चार लोक बोलायला मिळतील. घरातही त्यांना मोडतोड करू द्या. गॅलरीत बाज टाकायची तर टाकू द्या, भिंतीला खिळा ठोकून टोपी अडकवायची तर अडकवू द्या. आईंचा फोटो कुठं लावायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

बाहेरच्या लोकांसाठी एकच जागा आणि एकच वेळ धरा. मंदिरातला हरिपाठ असो, बागेतला कट्टा असो किंवा चहाचं दुकान, तीच वेळ, तीच जागा, तेच चेहरे. पहिल्या आठवड्यात तुम्ही सोबत जा. आपल्याकडे बहुतेक वसाहतीत कुणीतरी उमरग्याचं, औशाचं, निलंग्याचं निघतंच. 'कोणतं गाव तुमचं?' इथपर्यंत गाडी आली की पुढचं काम तेच करतात.

आता ज्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत तिकडे वळतो. आई जाऊन सहा महिने झालेत. तुम्ही दोन महिने मोजताय, आप्पा सहा मोजतायत. जर्मनीत हजारो लोकांना वर्षानुवर्षं, दरवर्षी तेच प्रश्न विचारून केलेली एक मोठी पाहणी आहे. तिच्यात जोडीदार गेलेल्यांचं समाधान पूर्वीच्या पातळीजवळ यायला सरासरी 7 ते 8 वर्षं लागलेली दिसली. (लग्नाचा वाढीव आनंद मात्र दोनेक वर्षांत ओसरतो, असं तीच पाहणी सांगते.) ते लोक आपले नव्हेत आणि सरासरीत एकट्या माणसाचं दुःख मावत नाही, पण सहा महिन्यांत हे आटोपेल अशी अपेक्षा कुठल्याच हिशेबात बसत नाही. 'गावाकडं सोड' यातला मोठा भाग कदाचित 'ती होती तिथं सोड' असा असेल. त्यांना आईंबद्दल विचारा. विषय टाळून त्यांचं दुःख कमी होत नाही, ते फक्त एकट्याचं होतं. वर्षश्राद्ध गावातच करा, आणि त्याची तयारी आप्पांच्या हातात द्या.

एक सावधगिरी. महिना-दोन महिन्यांनी आप्पा गावाचं नाव काढायचे थांबले, समोर येईल ते खायला लागले, तक्रार नाही, तर तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल. थोडं थांबा. माणूस वाईटालाही फार लवकर सरावतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, देशभर बोभाटा झाला, आणि काही आठवड्यांत हंडे घेऊन रांगेत उभं राहणं आम्हाला साधं वाटायला लागलं होतं. तेव्हा गप्प झालेला म्हातारा रुळलाय की त्याने सोडून दिलंय, हे तपासा. रुळलेला माणूस कुरकुर करतो, चुका काढतो, नातवावर ओरडतो, 'आज कारलं आणू नका' म्हणतो. सोडून दिलेला माणूस 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. दुसरा ऐकायला गोड असतो. मला भीती त्याचीच वाटते.

खालील गोष्टी दिसल्या तर मात्र सवय व्हायची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, माणूस न ओळखणं, संध्याकाळी भ्रम: हे अनेकदा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा औषधांमुळे असतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. वजन उतरत जाणं, अंघोळ-दाढी सोडणं, 'आता जगून काय करायचं' असं पुन्हा पुन्हा म्हणणं: हे नैराश्य असू शकतं, या वयातही ते उपचारांनी बरं होतं. बी-12, थायरॉईड, साखर, लघवी आणि सोबत डोळे-कान एकदा तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस 'अबोल' ठरतो. रात्रीअपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. दिवसभर आप्पांसोबत घरात त्याच असतात. लग्न होऊन परक्या घरी आल्या तेव्हा 'किती दिवसांत रुळशील' असं त्यांना कुणी विचारलं होतं का, ठाऊक नाही. आता सासरे दिवसभर हॉलमध्ये असण्याची सवय त्यांनाही लावून घ्यायची आहे. पाण्याचा कारभार आप्पांकडे द्यायचा की नाही, बाज कुठे टाकायची, हे आधी त्यांच्याशी बोला. रविवारी आप्पांची वेळ तुम्ही सांभाळा.

राहिला प्रश्न नेऊन सोडण्याचा. आप्पांना शहरात येऊन सहा महिने होईपर्यंत कायमचा निर्णय घेऊ नका, आणि तोपर्यंत गावातलं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नावही काढू नका. परतीची वाट उघडी आहे हे कळलं की माणूस इथं सैल होतो, हा माझा अनुभव आहे. गावी जाणं-येणं चालू ठेवा. येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाला, तर न्याच. शेतात कडब्याची कोपी, आंबिल, भज्जी, सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे, आलेगेले पाहुणे. त्या दिवशी आप्पा कसे बोलतात, चालतात, किती जेवतात ते नीट बघा. शहरात जे बघून तुम्ही 'वय झालं' म्हणता, त्यातलं खरं वयाचं किती ते तिथं कळेल.

सहा महिन्यांनंतरही त्यांचं म्हणणं तेच राहिलं, आणि ते विचार करून, शांतपणे म्हणत असतील, तर ऐका. 74 व्या वर्षी रुळायचंच नाही असं ठरवण्याचा हक्क त्यांना आहे. फक्त एकटं सोडू नका: दोन वेळचा डबा कोण देणार, बीपीच्या गोळ्या कोण बघणार, रात्री हाकेच्या अंतरावर कोण असणार, हे भावकीशी बोलून ठरवा, पैसे द्यावे लागले तरी द्या. वर्षाची वाटणी करणारी कुटुंबंही मी बघतो: सुगीत, ज्वारी घरात येईपर्यंत गावाकडे, उरलेले महिने शहरात. ती बऱ्याच घरांत नीट चालते. तसं केलंत तर एप्रिल-मेमध्ये त्यांना कूलरमधून उठवून थेट गावच्या उन्हात नेऊ नका. तापमानाला शरीर सरावायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हाताऱ्या शरीराला जास्तच, आणि शहरात राहून जुना सराव गेलेला असतो. जायचं तर मार्च उजाडायच्या आत न्या. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून तिचा डोस ठरवून घ्या.